शिवी दिली की नळावर जायचं! (इंदूरच्या एका गॅरेजमधला नियम)

रामबागची_सून

गेल्या आठवड्यात ऍक्टिव्हाने मान टाकली. ढकलत ढकलत जवाहर मार्गाच्या आतल्या एका गल्लीत नेली. दुकान एका मुसलमान चाचांचं. साठी उलटलेले, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, हाताखाली दोन पोरं. त्यातला धाकटा, असेल अठरा-एकोणीसचा, सायलेन्सरचा गंजलेला नट सोडवत होता. पाना निसटला, बोटांची सालं निघाली आणि त्याच्या तोंडून ती निघाली. आईवरची. इंदूरकरांना वेगळं सांगायला नको.

चाचांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "नल."

पोरगं निमूट उठलं. कोपऱ्यातल्या नळावर गेलं, साबणाच्या वडीने ग्रीस काढलं, चूळ भरली, तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि परत येऊन पाना हातात घेतला. मला राहवलं नाही, विचारलं. तर म्हणे, "दुकान का क़ायदा है बेटी. गाली दी तो पहले मुँह-हाथ धो के आओ, फिर औज़ार छूना. ज़बान का भी हिसाब होना है."

आमचे चिरंजीव सातवीत आहेत आणि ग्राउंडवरून रोज नवा शब्दसंग्रह घेऊन येतात. धपाटे देऊन झाले, मोबाइल काढून घेऊन झाला. त्यामुळे हा नळ डोक्यातून जात नाहीये. इस्लाममध्ये शिवीबद्दल, आदराने बोलण्याबद्दल नक्की काय सांगितलंय? हे धुणं म्हणजे वुजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुतात ते) का? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा. राजकारण नको, हात जोडते.

भुट्टे_का_कीस

इंदुरात हा नियम लागू केला तर नर्मदेचं पाणी पुरायचं नाही भिया.

गराडू

वरच्याला +१. आपल्याकडे शिवी काढून घेतली तर वाक्यात फक्त 'भिया' उरतं.

हिशेबनीस

चाचा 'हिसाब' म्हणाले ते सहज नाही. सहीह मुस्लिम या संग्रहात एक हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे, आमच्या ऑफिसातल्या एका मित्राने ऐकवली होती आणि धंद्याने सीए असल्यामुळे मी ती विसरू शकलो नाही. पैगंबर साथीदारांना विचारतात, दिवाळखोर कोण? ते म्हणतात, ज्याच्याकडे पैसाअडका नाही तो. पैगंबर म्हणतात, नाही. माझ्या लोकांतला दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा पैसा खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल. मग त्याची पुण्यं एकेकाला वाटून टाकली जातील. पुण्यं संपली आणि देणं उरलं, तर त्या लोकांची पापं याच्या खात्यात टाकली जातील.

म्हणजे शिवी ही थेट ट्रान्सफर एंट्री. यादीत तिची जागा बघा, पैसा खाण्याच्या आणि मारहाणीच्या रांगेत.

स्पष्टवक्ता_७०

पुस्तकात सगळ्यांच्याच छान छान लिहिलेलं असतं हो. आमच्या कॉलनीच्या मागच्या चौकात येऊन उभे राहा, मग कळेल कोण किती पाळतं.

भुट्टे_का_कीस

काका, त्या चौकात मी पण असतो. आपली पोरं काय तिथे मनाचे श्लोक म्हणून राहिली आहेत का?

व्यवस्थापक

शिव्या न देण्याबद्दलच्या धाग्यावरचे दोन प्रतिसाद शिव्या असल्यामुळे उडवावे लागले आहेत. संबंधितांनी नळावर जाऊन यावे.

मिरजकरीण

मी मूळ मिरजेची. लग्न होऊन इथे इंदूरला खजरान्यात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. माहेरी घरात दखनी, शाळेत मराठी, आणि आता सासरी 'नक्को' म्हटलं की अजून हसतात. आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) वगैरे नाही. लहानपणी शिकले आणि पुढे वाचलं तेवढं लिहिते.

आधी नळाचं. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस आहे की राग सैतानाकडून येतो, सैतान आगीपासून झालाय, आग पाण्याने विझते, म्हणून राग आला की वुजू करा. तिच्या सनदीबद्दल (कुणी कुणाकडून ऐकली त्या साखळीबद्दल) काही विद्वान शंका घेतात, पण घराघरात सांगतात ती हीच. त्याच संग्रहात आणखी एक आहे: राग आला आणि उभे असाल तर बसा, तरी जात नसेल तर आडवे व्हा. शिवीने वुजू तुटत नाही. पण काही पाप घडलं तर नव्याने केलेला चांगला, असं हनफी पंथाच्या पुस्तकांत दिलेलं आहे. चाचांनी ते दुकानाच्या मापाने कापून घेतलेलं दिसतंय.

आता शिवीचं. तिर्मिजीच्या हदीससंग्रहातलं वाक्य आम्हाला पाठ करायला लावलं होतं: मोमिन (खरा श्रद्धावान) टोमणे मारणारा नसतो, लानत करणारा (शाप देणारा) नसतो, अचकट-विचकट बोलणारा नसतो, शिवराळ नसतो. चार गोष्टी आहेत. लोक फक्त शेवटच्या दोन धरतात.

आणि आईवरच्या शिवीबद्दल तर बुखारीच्या हदीससंग्रहात थेट आहे. पैगंबर म्हणाले, माणसाने स्वतःच्या आईबापाला शिवी देणं हे मोठ्यात मोठ्या पापांपैकी एक. लोक चक्रावले, स्वतःच्या आईबापाला कोण शिवी देईल? तर म्हणाले, हा दुसऱ्याच्या बापाला देतो, मग तो याच्या बापाला देतो; हा त्याच्या आईला देतो, तो याच्या आईला. उलटून येणारी शिवीसुद्धा आपल्याच नावावर.

रामबागची_सून

मिरजकरीण, खूप आभार. पण टोमणे पहिल्या नंबरावर? मग आमच्या सासूबाईंचं कठीण आहे. (त्या हा धागा वाचत नाहीत. बहुतेक.)

चिमणबागेतली_चिमणी

मला यातली 'लानत' अडते. आमची आजी सकाळपासून सुरू व्हायची: मेल्या, मुडद्या, भवाने, तुझं मढं बशिवलं. अख्खं बालपण त्यावर पोसलं गेलं आणि त्याच हाताने ती ताटात साजूक तुपाची धार सोडायची. त्या शब्दांत काडीचा द्वेष नव्हता. ही पण शिवीच का?

मिरजकरीण

@चिमणी, माझी नानी पण अशीच. आणि तिला मौलवीसाहेबांनी एकदा टोकलं होतं, ते मी स्वतः ऐकलंय. कारण सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे: स्वतःला, लेकरांना, मालमत्तेला बददुआ देऊ नका, नेमकी ती मागितलेलं कबूल होण्याची घडी असली तर? नानीने दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी मामाला 'मुडद्या' म्हणायला गेली, 'मु...' वर थांबली आणि 'मुबारक!' म्हणाली. मामाचं घरातलं नाव अजून मुबारकच आहे.

चिमणबागेतली_चिमणी

अहो, पण हे तर आपलं 'वास्तू तथास्तु म्हणते'! तिन्हीसांजेला वाईट बोलू नको, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. आजी हे आम्हाला सांगायची आणि पुढच्या वाक्यात 'मेल्या'. तिच्या हिशेबाने वास्तुपुरुषाला थट्टा कळत असणार.

ओला_कचरा_सुका_कचरा

माणसं सोडा, मी मध्यंतरी वाचलं की कोंबड्याला शिवी द्यायलाही मनाई आहे. खरं का?

मिरजकरीण

खरं. अबू दाऊदमध्ये आहे: कोंबड्याला बोल लावू नका, तो नमाजाला उठवतो. वाऱ्याला लानत करू नका असंही आहे. एक बाई प्रवासात आपल्या उंटिणीवर वैतागून तिला लानत करते, तर पैगंबर सांगतात, पाठीवरचं सामान उतरवा आणि सोडून द्या तिला. जिला लानत केली तिच्यावर बसून पुन्हा पुढचा प्रवास करायचा नाही.

आणि ताप. उम्मुस्साइब नावाच्या बाई थरथर कापत होत्या. विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, ताप आहे, अल्लाह त्याचं भलं न करो. पैगंबर म्हणाले, तापाला शिवी देऊ नका, लोहाराचा भाता लोखंडाचा मळ काढतो तसा तो माणसाची पापं काढतो.

गराडू

चिकनगुनियात मी तीन आठवडे जे बोललो ते आता परत घेता येतं का?

रामबागची_सून

आणि मी ऍक्टिव्हाला जे बोलले ते? उंटिणीच्या न्यायाने मला ती सोडून द्यावी लागेल. अजून चार हप्ते बाकी आहेत.

नारायणबागेतले_आजोबा

विषय 'आदराने बोलणे' असाही आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. आम्ही साठच्या दशकात शाळेत होतो. उर्दू शिकवणारे एक मास्तर होते, मुलांना ते हटकून 'आप' म्हणत. पाचवीतल्या शेंबड्या पोराला, "आप कल तशरीफ़ नहीं लाए?" आम्ही मराठी पोरं घरी तूतुकार ऐकणारी, पहिले काही दिवस मागे वळून बघायचो, मागे कोण मोठं माणूस उभं आहे म्हणून. त्यांच्या तासाला कधी दंगा झाल्याचं आठवत नाही. छडी नव्हती. आम्हीच लाजायचो.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं, हे 'आप' धर्मात सांगितलंय का? हसले. म्हणाले, अरबीत 'आप' आहेच कुठे? बापालाही 'अंत' आणि नोकरालाही 'अंत'. मोठ्या माणसासाठी वेगळा शब्दच नाही, म्हणून सगळा अदब आवाजात ठेवावा लागतो. मग त्यांनी कुरआनातल्या सूरह (अध्याय) लुक़मानमधलं सांगितलं. लुक़मान मुलाला उपदेश करतो: चालीत मध्यमपणा ठेव, आवाज खाली ठेव, आवाजांत सगळ्यात कर्कश आवाज गाढवाचा. आणि त्यावर आम्हाला म्हणाले, "आप हज़रात समझ गए होंगे." समजलो होतो.

त्यांच्याकडूनच ऐकलेलं अनस यांचं. हे लहानपणी पैगंबरांच्या सेवेला होते, दहा वर्षं. त्यांनी सांगून ठेवलंय की या दहा वर्षांत मला एकदाही 'उफ्' म्हटलं नाही, हे का केलंस नि ते का केलं नाहीस असंही विचारलं नाही. आईबापालासुद्धा 'उफ्' म्हणू नका असं कुरआनात आहे, १७व्या सूरहमध्ये. इथे मोठा माणूस पोराच्या बाबतीत ते पाळतोय, ही उलटी बाजू मला फार आवडते.

भाषाप्रेमी_माळवा

आजोबा, वा! जाता जाता: आपल्या मराठीत हरामखोर, नालायक, बदमाश हे ज्या फारसी-अरबीच्या वाटेने आले, त्याच वाटेने साहेब, मेहेरबान, हुजूर, अदब आले. 'अब्रू' पण फारसीच, आब म्हणजे पाणी नि रू म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचं पाणी. नळाचा धागा आहे म्हणून आठवलं.

सराफ्याचा_शौकीन

बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितो.

शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा होता, लहानपणी पोलिओ झालेला. आम्ही त्याला 'लंगड्या' म्हणायचो. वाईट हेतूने नाही, खरंच नाही. क्रिकेटमध्ये घ्यायचो, डबा वाटून खायचो. सगळ्यांनाच नावं होती, मी 'ढोल्या', दुसरा 'चकण्या'. दहावीनंतर पांगलो.

तीन वर्षांपूर्वी थंडीत, रात्री अकराच्या सुमाराला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खात उभा होतो. समोरच्या गर्दीत तो दिसला. एवढा आनंद झाला की मी ओरडलोच, "अबे लंगड्या!"

तो वळला. हसला पण. त्याच्या एका बाजूला बायको होती, दुसऱ्या बाजूला आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिच्या हातात जिलेबीचा द्रोण. मुलीने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने बापाच्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे. द्रोणातला पाक तिच्या स्वेटरवर सांडत होता आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं.

तो म्हणाला, शाळेतला मित्र आहे. मला ओळख करून द्यायची होती आणि माझ्या जिभेवर त्याचं खरं नाव येईना.

मिरजकरीण

@सराफ्याचा_शौकीन, वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत (वचनात) हेच आहे. एकमेकांची टर उडवू नका, कदाचित ते तुमच्यापेक्षा बरे असतील. पुरुषांना वेगळं सांगितलंय, बायकांना वेगळं. आणि पुढे: एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारू नका. हेतू काय होता असं तिथे विचारलेलं नाही.

अबू ज़र यांचं बुखारीत आहे. पैगंबरांचे अगदी जवळचे साथीदार. एकदा भांडणात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवलं. परंपरा सांगते की ते बिलाल, पैगंबरांचेच एक साथीदार, होते आणि हिणवणं होतं 'काळ्या बाईच्या पोरा' असं. पैगंबर म्हणाले, तू त्याला आईवरून हिणवलंस? तुझ्यात अजून जाहिलियत (इस्लामपूर्व काळातलं अज्ञान) शिल्लक आहे. पुढे लोकांनी अबू ज़र यांना पाहिलं तेव्हा त्यांच्या अंगावर जसे कपडे, तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर. लोकांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःचीच ही गोष्ट सांगितली. लपवली नाही.

स्पष्टवक्ता_७०

बरं, मी पण माझा मुद्दा नीट मांडतो. मघाशी चिडून लिहिलं होतं. मला हे 'मृदू बोला' प्रकरण सगळ्याच धर्मांत थोडं सोयीचं वाटतं. कुणाच्या सोयीचं? वरच्याच्या. ज्याचं पोट भरलंय त्याला गोड बोलायला काय जातं? आपल्याकडे शिमगा होता. वर्षातून एक दिवस गावात कुणीही कुणाच्या नावाने बोंब मारायची, पाटलाच्या सुद्धा. माळव्यात लग्नात बायका व्याह्यांना गारी गातात, एकेक ऐकून कान लाल होतात. हे वाफ बाहेर सोडणं आहे. सगळं झाकून ठेवलं की कुकर फुटतो.

चिमणबागेतली_चिमणी

काका, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. 'बायकांच्या जातीला हे शोभत नाही' हे ऐकून ऐकून मी मोठी झालेय. भावाला कधी कुणी म्हटलं नाही.

मिरजकरीण

काका, प्रश्न बरोबर आहे. त्याला कुरआनातच एक खिडकी ठेवलेली आहे. चौथ्या सूरहमध्ये १४८वी आयत: वाईट गोष्ट जाहीर बोललेली अल्लाहला आवडत नाही, ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी. पिचलेल्या माणसाने ओरडायला मुभा आहे. मात्र जुलूम करणाऱ्याचा जुलूम सांगायचा, त्याच्या आईला मध्ये आणायचं नाही.

आणि वरच्याला सूट कुठे आहे? मूसा आणि हारून या आधीच्या पैगंबरांना फिरऔनकडे, म्हणजे इजिप्तच्या जुलमी राजाकडे, पाठवताना सांगितलं, त्याच्याशी नरम बोला. फिरऔनपेक्षा वाईट माणूस कोण? तरी त्यांनी मवाळ गोष्ट सांगितली नाही, लोकांना सोडून दे असंच सांगितलं. शब्द नरम, मागणी नाही.

शिमग्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मिरजेत लहानपणी मी पण बोंब मारलेली आहे. अब्बांना सांगू नका.

हिशेबनीस

आणि दुसऱ्यांच्या देवांबद्दल? मी ऐकलंय की त्याची वेगळी आयत आहे.

मिरजकरीण

सहाव्या सूरहची १०८वी. ते अल्लाहखेरीज ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर ते अज्ञानाने, वैरापोटी अल्लाहला शिव्या देतील. आईबापाच्या हदीसमधलं गणित आहे तेच.

भुट्टे_का_कीस

ही आयत सगळ्या फॅमिली ग्रुपवर पिन करून ठेवा. सगळ्या म्हणजे सगळ्या.

ओला_कचरा_सुका_कचरा

छोटा अनुभव. रमजानात ऑफिसच्या मित्राच्या मागे बसून येत होतो, पलासियाच्या सिग्नलला संध्याकाळची वेळ. कारवाल्याने कट मारला आणि वर काच खाली करून यालाच ऐकवलं. मित्राने हेल्मेटची काच वर केली. मी मनातल्या मनात पुढचं भरून घेतलं. तर म्हणतो, "रोज़ा है भाई." बस. कारवाला ओशाळला, "सॉरी भिया" म्हणाला. नंतर कळलं, हे त्याचं स्वतःचं नाही. हदीसच आहे की रोज्यात कुणी शिवी दिली, भांडायला आलं तर सांगा, मी रोज्याने आहे. ईदनंतर त्याच सिग्नलला पुन्हा तसंच झालं. त्या दिवशी रोजा नव्हता. पुढचं लिहीत नाही, व्यवस्थापक जागे आहेत.

गराडू

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं आलं कारण कचरा दारातच वेगळा केला. जिभेच्या दारात पण एक गाडी उभी करायला पाहिजे, गाणं वाजवत येणारी.

रामबागची_सून

शनिवारी गाडी आणायला गेले होते. चाचांना इथलं सगळं थोडक्यात सांगितलं. वुजू, सैतान, आग, पाणी. विचारलं, म्हणून नळ का? त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "वो सब सही है बेटी. पर नल इसलिए कि उधर कोने में है. बीस क़दम जाना, बीस क़दम आना. तब तक वो नट को भूल जाता है." मग जरा थांबून, "और ग्रीस लगे हाथ से सीट कवर ख़राब होता है."

धाकट्याच्या बोटाला पट्टी होती. म्हणाला, आता दिवसाला दोनदाच जावं लागतं, आधी सात-आठ वेळा व्हायचं. चाचा म्हणाले तीनदा. दोघांची त्यावरून जुंपली, पण 'आप'मध्ये.

घरी आमच्याकडे नळ म्हणजे बाथरूम आणि ते हॉलपासून चार पावलांवर. तेवढ्यात काही विसरत नाही म्हणून चिरंजीवांना खाली पार्किंगच्या नळावर पाठवते, तीन मजले. काल रात्री मीच दुधाचं पातेलं उतू गेल्यावर काहीतरी बोलून गेले. तो अभ्यासाच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाला, "आई, नळ."

गेले. लिफ्ट बंद होती.

सराफ्याचा_शौकीन

त्या दुकानाचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) कराल का? माझ्या गाडीचा सायलेन्सर पण वाजतोय.

रामबागची_सून

केलाय. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं.